पहिल्या सोबत्याची निवड आणि ‘बरोबर उत्तरा’चा हट्ट

पॉकेमॉन या जपानी व्हिडिओ गेमच्या पहिल्या पिढीत खेळाडूला अगदी आरंभी तीन प्राण्यांपैकी एक निवडावा लागतो, आणि ही निवड चुकू नये म्हणून वर्षानुवर्षे एक ठाम मत सांगितले जाते : गवत प्रकारचा बल्बासॉर घेणारा शहाणा, पाण्याचा स्क्विर्टल घेणारा मध्यममार्गी आणि आगीचा चारमँडर घेणारा दिसण्यावर भाळलेला अजाण. जिथे जिथे हा खेळ गेला तिथे हे मतही गेले, आणि कल्याणहून दुर्गाडीचा पूल ओलांडताच भिवंडीच्या वाटेवर लागणारे कोन हे गावही त्याला अपवाद नाही. तिथेही थोरला भाऊ किंवा शेजारच्या खोलीतला मोठा मुलगा धाकट्याच्या हाती फोन देतानाच त्याने कोणता ‘स्टार्टर’, म्हणजे पहिला प्राणी, घ्यायचा हे सांगून मोकळा होतो. हे मत त्याच्या समर्थकांना वाटते तितके आकडेमोडीवरही उभे नाही, आणि ज्या मुलांच्या सोयीसाठी म्हणून ते सांगितले जाते, त्यांच्या हातून ते या खेळातली सर्वांत मोलाची गोष्ट काढून घेते, हे दाखवणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वादाचा विषय ज्यांना अपरिचित आहे त्यांच्यासाठी खेळाची मांडणी थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. सातोशी ताजिरी यांच्या कल्पनेतून आणि त्यांच्या ‘गेम फ्रीक’ या संस्थेच्या हातून घडलेला हा खेळ फेब्रुवारी 1996 मध्ये निन्टेंडोच्या ‘गेम बॉय’ या हातात धरण्याच्या यंत्रासाठी जपानमध्ये ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ अशा दोन आवृत्त्यांत निघाला, आणि 1998 मध्ये ‘रेड’ व ‘ब्लू’ या नावांनी तो अमेरिकेत गेला. पॅलेट टाउन नावाच्या लहानशा गावातला एक मुलगा प्रोफेसर ओक यांच्याकडून एक प्राणी घेऊन घराबाहेर पडतो, वाटेत इतर प्राणी पकडतो, त्यांना लढवून त्यांची ‘लेव्हल’ वाढवतो आणि आठ शहरांतल्या आठ ‘जिम’च्या, म्हणजे आखाड्यांच्या, प्रमुखांना हरवून शेवटच्या विजेतेपदाच्या लढतीपर्यंत पोहोचतो. एकूण 151 प्राण्यांपैकी प्रत्येकाचे एक किंवा दोन ‘प्रकार’ असतात. पाण्याचा वार आगीवर दुप्पट लागतो, आगीचा गवतावर, गवताचा पाण्यावर, आणि उलट दिशेने तोच वार निम्मा होतो. खेळाडूने निवड केली की प्रोफेसरांचा नातू, जो या कथेतला प्रतिस्पर्धी आहे, उरलेल्या दोहोंपैकी नेमका असा प्राणी उचलतो की ज्याचा प्रकार खेळाडूच्या प्राण्यावर मात करतो. पुढच्या विवेचनात या शेवटच्या तपशिलाचे महत्त्व मोठे आहे.

बल्बासॉरच्या कैवाऱ्यांचे म्हणणे त्याच्या सर्वांत भक्कम रूपात मांडले तर ते असे आहे. पहिल्या आखाड्याचा प्रमुख ब्रॉक हा खडक प्रकारचा, त्याचे जिओड्यूड आणि ओनिक्स हे दोन्ही प्राणी खडक आणि जमीन अशा दुहेरी प्रकारांचे, त्यामुळे त्यांच्यावर गवताचा आणि पाण्याचा वार चौपट लागतो. दुसरी प्रमुख मिस्टी पाण्याची, तिच्यावर गवत दुपटीने चालते. तिसरा प्रमुख सर्ज विजेचा, आणि विजेचा वार गवतावर निम्मा होतो. शिवाय बल्बासॉर आपल्या अखेरच्या रूपाला लेव्हल 32 ला पोहोचतो, तर इतर दोघांना 36 पर्यंत थांबावे लागते. याउलट चारमँडरची आग खडकावर निम्मी होते आणि पाण्यापुढे विझते. यातले एकही विधान खोटे नाही. 2004 मध्ये ‘फायररेड’ आणि ‘लीफग्रीन’ या नावांनी हाच खेळ नव्याने निघाला तेव्हा त्यातले प्रोफेसर ओक स्वतःच बल्बासॉर वाढवायला फार सोपा असल्याचे सांगतात, हा पुरावाही प्रतिपक्षाच्या बाजूने मान्य केला पाहिजे.

मात्र ‘सोपा’ याचा अर्थ ‘बरोबर’ असा लावणे ही पहिली चूक होय. त्याच प्रसंगी प्रोफेसर चारमँडरविषयी तो धीराने वाढवावा असे म्हणतात, तो घेऊ नये असे म्हणत नाहीत. धीर लागणारी गोष्ट आणि चुकीची गोष्ट यांतला फरक ज्याने खेळ रचला त्याला ठाऊक होता, तो केवळ त्याचे भाष्यकार विसरले.

ज्या लढतीवर हा सगळा निवाडा आधारलेला आहे ती ब्रॉकची लढत तरी बारकाईने पाहावी. मूळ रेड-ब्लूमध्ये ब्रॉकचा जिओड्यूड लेव्हल 12 चा आणि ओनिक्स लेव्हल 14 चा आहे, आणि दोघे खडकाचे असूनही दोघांपैकी एकालाही खडकाचा एकही वार येत नाही. जिओड्यूडकडे ‘टॅकल’ आणि ‘डिफेन्स कर्ल’ आहे, ओनिक्सकडे ‘टॅकल’, ‘स्क्रीच’ आणि ‘बाइड’. म्हणजे खडकाच्या वाराने आगीचा प्राणी दुपटीने घायाळ होतो, ही जी भीती घातली जाते तिला या लढतीत आधारच नाही. दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. या पहिल्या पिढीत शारीरिक मारापासून बचाव करणारा गुण वेगळा आणि आग, पाणी, गवत, वीज अशा माऱ्याचा व त्यापासूनच्या बचावाचा ‘स्पेशल’ नावाचा गुण वेगळा असतो. ओनिक्सचा शारीरिक बचावाचा मूळ आकडा 160 आहे, जो पाहून नवखा खेळाडू धास्तावतो. पण त्याचा स्पेशल अवघा 30 आहे. त्यामुळे चारमँडरने नखांनी ओरबाडण्याचा ‘स्क्रॅच’ वापरला तर ओनिक्सच्या अंगावर जेमतेम ओरखडा उठतो, परंतु लेव्हल 9 ला त्याला येणारा ‘एम्बर’ हा ठिणग्यांचा वार, प्रकारामुळे निम्मा होऊनही, त्याच्या कितीतरी पट अधिक लागतो. लेव्हल 12 च्या चारमँडरला ओनिक्स पाडायला असे सात-आठ एम्बर लागतात, मधून ओनिक्स स्क्रीच आणि बाइडमध्ये आपल्या पाळ्या वाया घालवतो, एखाददुसरे औषध खर्ची पडते, आणि लढत जिंकली जाते. बल्बासॉरला तिथे ‘वाइन व्हिप’चा एक फटका पुरतो हे खरेच, पण तो वार त्याला लेव्हल 13 ला येतो, त्याआधी आखाड्यात शिरलेल्या बल्बासॉरला टॅकल मारत आणि ‘लीच सीड’चे बी पेरून शत्रूची शक्ती हळूहळू शोषत बसावे लागते, ही बाब त्याचे कैवारी क्वचितच सांगतात. तेव्हा तफावत आहे, परंतु ती एक फटका आणि आठ फटके यांतली आहे, विजय आणि पराभव यांतली नाही. ज्या मुलाने ते आठ फटके मोजून दिले त्याला माऱ्याचे प्रकार, बचावाचे दोन वेगळे गुण आणि औषधाची वेळ या तिन्ही गोष्टी पहिल्याच आखाड्यात कळतात. एका फटक्यात जिंकलेल्याला यांपैकी काहीच कळण्याची गरज पडत नाही, आणि ती उणीव पुढे कुठेतरी त्याला गाठतेच.

ती कुठे गाठते हेही दाखवता येते. आठ प्रमुखांपैकी पहिल्या तिघांवर बल्बासॉरची बाजू वरचढ आहे, पण चौथी एरिका स्वतःच गवताची असल्याने तिच्यावर त्याचा वार निम्मा होतो, पाचव्या कोगाच्या विषारी प्राण्यांवरही तो निम्माच, आणि सहावी सबरीना मनोबळाच्या वारांची असल्यामुळे बल्बासॉरच्या अंगातल्या विषाच्या दुसऱ्या प्रकारावर ती दुपटीने आघात करते. सातवा ब्लेन आगीचा, त्याच्यापुढे गवताचे काय होते ते सांगायला नको. आठवा जोव्हानी जमिनीचा असल्याने तिथे बाजू पुन्हा सावरते खरी, पण मधले चार आखाडे बाजूला ठेवून फक्त पहिल्या तिघांवरून निकाल देणे हा हिशेब सोयीचा आहे, पूर्ण नाही. चारमँडरच्या बाबतीत नेमके उलट घडते, त्याचे दिवस एरिकापासून पालटतात. स्क्विर्टलची वाट या दोहोंहून वेगळी असून तिच्यावर इथे अधिक लिहिण्याचे कारण नाही.

सर्वांत कमी वेळात खेळ पुरा करणे हीच कसोटी मानायची म्हटले, तरी निष्कर्ष प्रतिपक्षाच्या हाती लागत नाही. रेड-ब्लू कमीत कमी वेळात संपवण्याच्या शर्यती खेळणारे निष्णात खेळाडू बल्बासॉर घेत नाहीत. त्यांच्यात रुळलेली वाट अशी की स्क्विर्टल घ्यायचा, त्याच्याकडून ब्रॉकला हरवून घ्यायचे, आणि पहिल्या आखाड्याआधीच पकडलेल्या निडोरॅनला पुढे वाढवून त्याच्या निडोकिंग या अखेरच्या रूपाच्या जोरावर उरलेला खेळ मारून न्यायचा. म्हणजे ज्यांनी या खेळाचा हिशेब शेवटच्या सेकंदापर्यंत मांडला त्यांच्या लेखी स्टार्टर ही एका आखाड्यापुरती पायरी आहे. कार्यक्षमतेचा युक्तिवाद प्रामाणिकपणे शेवटपर्यंत नेला तर तो ‘बल्बासॉर घ्या’ असे न सांगता ‘स्टार्टरवर विसंबू नका’ असे सांगतो, आणि तसे असेल तर स्टार्टर कोणता यावरून लहान मुलाला अजाण ठरवण्याचे कारणच उरत नाही.

खेळाच्या कर्त्यांचीही भूमिका हीच होती, याला एक निर्विवाद पुरावा आहे. 1998 मध्ये जपानमध्ये निघालेल्या ‘यलो’ या आवृत्तीत निवडच नाही. तिथे खेळाडूला पिकाचू दिला जातो, जो विजेचा आहे, आणि विजेचा वार जमीन प्रकारावर निम्मासुद्धा लागत नाही, तो शून्य होतो. म्हणजे ब्रॉकपुढे तिन्ही मूळ स्टार्टरांहून दुबळा असा प्राणी कर्त्यांनी जाणूनबुजून मुलांच्या हाती दिला, आणि त्याच वेळी पहिल्या आखाड्याच्या आधीच्या वाटेवर मँकी हा खडकावर भारी पडणारा प्राणी आणून ठेवला. मूळ रेड-ब्लूमध्येही ब्रॉकच्या अलीकडच्या जंगलात सापडणारी कॅटरपी ही अळी लेव्हल 10 ला फुलपाखरू होते आणि लेव्हल 12 ला तिला ‘कन्फ्यूजन’ हा मनोबळाचा वार येतो, जो ओनिक्सच्या तुटपुंज्या स्पेशलवर चांगला चालतो. 2004 च्या आवृत्तीत ब्रॉकच्या ओनिक्सला खडकाचा वार दिला गेला, तेव्हा त्याच आवृत्तीत चारमँडरलाही लेव्हल 13 ला ‘मेटल क्लॉ’ हा खडकावर दुप्पट लागणारा पोलादी नखांचा वार देण्यात आला. अडचण घालायची आणि तिच्यावरचा उपाय जवळच्या गवतात लपवून ठेवायचा, ही या खेळाची पद्धत आहे. लहानपणी किडे गोळा करण्याच्या छंदातून ज्यांना ही कल्पना सुचली त्या ताजिरींच्या खेळात गवतात हिंडून शोधणे हेच मुख्य काम असणार, हे स्वाभाविक होय. ज्याला एकाच प्राण्याने सगळे सोपे करून दिले, त्याला त्या गवतात हिंडायचे कारण कमी उरते.

आता ‘दिसण्यावर भाळणे’ या आरोपाकडे वळता येईल, कारण महाराष्ट्रातल्या मुलांच्या बाबतीत तो विशेष अन्यायकारक आहे. गेम बॉय ही भिवंडी-कल्याणच्या बाजारात सहज मिळणारी वस्तू कधीच नव्हती. इथल्या मुलांची या प्राण्यांशी ओळख झाली ती 2003 पासून कार्टून नेटवर्कवर हिंदीत दाखवल्या गेलेल्या मालिकेतून आणि चिप्सच्या पाकिटांत मिळणाऱ्या टाझो नावाच्या गोल चकत्यांवरून. खेळ त्यांच्या हाती नंतर आला, तोही संगणकावर किंवा फोनवर जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या ‘एम्युलेटर’ या प्रणालीतून. त्या मालिकेच्या आरंभीच्या एका भागात चारमँडर एका खडकावर बसलेला दिसतो. त्याच्या मालकाने त्याला दुबळा म्हणून टाकून दिले आहे आणि परत येतो असे खोटेच सांगितले आहे. त्याच्या शेपटीच्या टोकाची ज्योत विझली तर तो मरतो, आणि पाऊस सुरू झाल्यावर तो त्या ज्योतीवर एक पान धरून, वाट पाहत, तिथेच बसून राहतो. ज्याने हा प्रसंग पाहिला आहे त्या मुलाने तीन प्राण्यांतून चारमँडर उचलला तर ते रंगरूपावर भाळणे नव्हे. त्याला त्या प्राण्याविषयी काहीतरी माहीत आहे, त्या माहितीवरून त्याने एक बांधिलकी पत्करली आहे, आणि ‘दुबळा म्हणून टाकून द्यावा’ या सल्ल्याला त्याचा नकार आहे. त्याच मुलाला ‘हा दुबळा आहे, दुसरा घे’ असे सांगणारा मार्गदर्शक त्या गोष्टीतल्या मालकाचीच बाजू घेत असतो, आणि हे मुलाला समजते.

या वादात एक दुसरे, वरवर उदार दिसणारे मतही आहे, की कोणताही घ्या, काही फरक पडत नाही. त्याचाही प्रतिवाद केलाच पाहिजे. 2016 च्या डिसेंबरमध्ये रिलायन्स जिओच्या सहकार्याने भारतात अधिकृतपणे आलेल्या ‘पॉकेमॉन गो’ या, रस्त्यावर चालत खेळण्याच्या आवृत्तीपुरते ते खरे मानता येईल, कारण तिथे पहिला प्राणी लवकरच मागे पडतो. मूळ खेळाविषयी मात्र ते साफ चुकीचे आहे. रेड-ब्लूमध्ये प्रतिस्पर्धी केवळ आरंभी मात करणारा प्राणी उचलून थांबत नाही; तो वाटेत वारंवार आडवा येतो, शेवटच्या लढतीत विजेता म्हणून समोर उभा राहतो, आणि त्याच्या चमूत त्या प्राण्याचे अखेरचे रूप तर असतेच, पण गॅराडोस, एक्झेग्यूटर आणि आर्कनाइन या तिघांपैकी कोणते दोन असतील हेही खेळाडूने पहिल्या दिवशी काय उचलले होते त्यावर ठरते. म्हणजे पॅलेट टाउनमध्ये प्रोफेसर ओक यांच्या मेजासमोर मूल आपला सोबती निवडते तेव्हा नकळत आपला शेवटचा शत्रूही निवडत असते. त्या क्षणी त्याला आखाड्यांची नावे माहीत नसतात, प्रकारांचे कोष्टक माहीत नसते, आणि तरी निवडावे लागते. अपुऱ्या माहितीवर निर्णय घेऊन तो निभावून नेणे हाच तर या खेळाचा गाभा आहे. ‘बरोबर उत्तर’ आधी सांगणारा आणि ‘उत्तराला अर्थच नाही’ म्हणणारा, दोघेही या गाभ्याचे सारखेच नुकसान करतात.

बल्बासॉरवाद्यांचा एक आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो कोनसारख्या गावातूनच घेतला जाऊ शकतो. भिवंडीचे यंत्रमाग, सरवलीकडचे कारखाने आणि मुंबई–नाशिक महामार्गालगतची गोदामे यांत राबणाऱ्या कुटुंबांच्या खोल्यांत मुलाच्या वाट्याला स्वतःचा फोन नसतो; वडील पाळीवरून घरी आले की पुन्हा निघेपर्यंत जो वेळ मिळेल तो, आणि त्यातही भावंडांचा वाटा. इतक्या तुटपुंज्या वेळात ब्रॉकपाशी अडकून पडण्याची चैन या मुलाला परवडत नाही, तेव्हा त्याला सोपा मार्ग सांगणे हीच दया, असे हे म्हणणे आहे. त्यामागची कळकळ नाकारता येत नाही, परंतु निष्कर्ष मान्य करता येत नाही. ज्या मुलाची शाळा, शिकवणी, झोपण्याची जागा आणि फोन मिळण्याची वेळ हे सगळे दुसऱ्यांनी ठरवलेले असते, त्याच्या दिवसात स्वतः ठरवण्याच्या गोष्टी मुळातच थोड्या असतात. त्यांतली एक त्याच्याकडून काढून घेऊन बदल्यात अर्धा तास वाचवून देणे हा सौदा त्याच्या तोट्याचा आहे. परीक्षेच्या तोंडावर ‘अपेक्षित’ प्रश्नसंच घोकण्याची जी सवय आपल्या शिक्षणाने लावली, तीच खेळात शिरली आहे, आणि मुलाचा वेळ वाचवण्याच्या नावाखाली त्याचा निर्णय वाचवला जात आहे. ज्याच्याकडे वेळ भरपूर आहे तो चुकीचा प्राणी घेऊन, कंटाळून, पुन्हा नव्याने सुरू करू शकतो. ज्याच्याकडे वेळ थोडा आहे त्याच्यासाठी त्या थोड्या वेळातला प्रत्येक डाव त्याचा स्वतःचा असणे अधिक गरजेचे आहे.

शिवाय एका फोनची खरी अडचण वेगळीच आहे आणि तिच्याकडे या वादात कोणी पाहत नाही. मूळ खेळात प्रगती साठवून ठेवण्याची, म्हणजे ‘सेव्ह’ करण्याची, जागा एकच आहे. नवा डाव सुरू करून तो सेव्ह केला की जुना पुसला जातो. जिथे एका फोनवर दोन-तीन भावंडे खेळतात तिथे थोरल्याचा सेव्ह पुसायची छाती धाकट्याला होत नाही, त्यामुळे धाकटे भावंड थोरल्याने वाढवलेले प्राणीच लढवत राहते आणि प्रोफेसर ओकच्या मेजापर्यंत ते कधी पोहोचतच नाही. कोणता स्टार्टर बरोबर यावर तावातावाने बोलणाऱ्यांनी आधी या मुलांचा विचार करावा, ज्यांना निवडीची वेळच मिळालेली नाही. एम्युलेटरमध्ये खेळाच्या फाइलची वेगळ्या नावाने दुसरी प्रत केली की तिचा सेव्ह वेगळा राहतो. त्यात थोरल्याचे काहीही पुसले जात नाही आणि हे काम करायला काही मिनिटे पुरतात.

म्हणून ज्यांच्या घरात फोनवर हा खेळ आहे आणि पाठीमागे धाकटे भावंड उभे आहे, अशा कोनमधल्या आणि कोनबाहेरच्याही प्रत्येक थोरल्या भावाला, ताईला आणि काकाला विनंती एवढीच आहे की त्यांनी धाकट्यासाठी वेगळी प्रत करून द्यावी, तिन्ही प्राण्यांची नावे वाचून दाखवावीत, विचारल्यास प्रत्येकाचा प्रकार सांगावा, आणि पहिला आखाडा जिंकून होईपर्यंत आपले मत स्वतःजवळ ठेवावे.